पैनगंगेच्या अलीकडे : १९७७ ची निवडणूक आणि मराठवाडा

१९७७ च्या मार्चमध्ये मराठवाड्यात लोकसभेच्या ८ जागा होत्या. त्यांतल्या ७ काँग्रेसने गमावल्या. उस्मानाबाद तेवढं हाती राहिलं. त्याआधीच्या, म्हणजे १९७१ च्या निवडणुकीत मराठवाड्यातली एकूण एक जागा काँग्रेसकडे होती आणि राज्यातल्या ४५ पैकी ४२. बरं, १९७७ साली मुख्यमंत्रीही मराठवाड्याचेच होते, नांदेडचे शंकरराव चव्हाण. घरचा माणूस राज्याच्या गादीवर असताना घरच्याच लोकांनी त्याच्या पक्षाला असं झाडून काढावं, ही साधी गोष्ट नाही.

आणीबाणीबद्दल मराठीत कमी लिहिलेलं नाही. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत, त्याच संमेलनाचे स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी झालेली प्रार्थना, पुढे जनता पक्षाच्या प्रचाराला उतरलेले पु. ल. देशपांडे, येरवड्याच्या बराकी. हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण त्यात मराठवाडा फारसा दिसत नाही. मी कळमनुरीचा. माझा जन्म या सगळ्यानंतर वीसेक वर्षांनी झाला, त्यामुळे आठवणींवर माझा हक्क नाही. मात्र निवडणूक आयोगाचे जुने अहवाल आता कुणालाही उघडता येतात आणि आकड्यांच्या तक्त्याकडे बघत बसायची सवय मला नोकरीने लावली आहे. १९७७ च्या तक्त्यात मराठवाडा जसा दिसतो, तो कोड्यासारखा आहे.

कोडं असं. कळमनुरी तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. पण हिंगोली नावाचा लोकसभा मतदारसंघ १९७७ लाच पहिल्यांदा अस्तित्वात आला आणि आपल्या पहिल्याच निवडणुकीत त्याने जनता पक्षाचे चंद्रकांत रामकृष्ण पाटील यांना निवडून दिलं. तालुक्याच्या उत्तरेला पैनगंगा. ही नदी म्हणजे निजामाचं राज्य आणि वऱ्हाड यांच्यातली जुनी हद्द. नदी ओलांडली की विदर्भ. तिथे वाशीम मतदारसंघातून त्याच निवडणुकीत काँग्रेसचे माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक निवडून आले. विदर्भात बुलढाणा, भंडारा, चंद्रपूर अशा काही जागा गेल्या, पण बाकी विदर्भ काँग्रेसजवळ राहिला.

दुसऱ्या बाजूला बघा. १९५६ पर्यंत मराठवाडा, तेलंगणा आणि आजचा कल्याण-कर्नाटक हे एकाच हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे होते. १९७७ ला आंध्र प्रदेशात काँग्रेसने ४२ पैकी ४१ जागा जिंकल्या. जी एक गेली ती रायलसीमेतली नंद्याळ, नीलम संजीव रेड्डींची. म्हणजे तेलंगणा पूर्ण काँग्रेसचा. कर्नाटकात २८ पैकी २६ काँग्रेसला. गेलेल्या दोन म्हणजे दक्षिण बंगळूर आणि हासन. म्हणजे बिदर, गुलबर्गा, रायचूरही काँग्रेसचेच. एका निजामाच्या तीन तुकड्यांपैकी दोन इंदिरा गांधींसोबत राहिले आणि एक पूर्ण उलटला. नकाशावर रंग भरले तर मराठवाडा तीन बाजूंनी काँग्रेसने वेढलेला दिसतो. 'सगळ्या देशात लाट होती, ती इथेही आली' हे उत्तर म्हणूनच पुरत नाही. लाट होती ती उत्तरेत. दक्षिणेत नव्हती. मराठवाडा लाटेच्या काठावर होता, आणि काठावरच्या माणसाला भिजायचं की नाही हे ठरवता येतं.

*

आधी ते दोन महिने.

१८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. २५ जून १९७५ च्या रात्री लागू झालेली आणीबाणी तेव्हा उठलेली नव्हती, फक्त सैल झाली होती. लोकसभेची मुदत दोनदा वाढवून झाली होती, त्यामुळे निवडणूक खरोखर होईल का, याबद्दलच शंका होती. शहा आयोगाने पुढे मोजलं त्यानुसार 'मिसा'खाली ३४,९८८ आणि भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ माणसं अटकेत गेली होती. दैनिक 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात जाऊन आले होते. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं होतं की आणीबाणी असेतोवर स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. हे सगळं ज्यांनी केलं तेच आता म्हणत होते, मत द्या.

त्या पिढीतल्या माणसांशी आमच्याकडे बोललं की एक गोष्ट वारंवार येते. त्या निवडणुकीत लोक बोलत नव्हते. सभेला जायचे, ऐकायचे, टाळी मात्र जपून. कुणाला मत देणार असं विचारलं तर 'बघू' म्हणायचे. मतदान १६ ते २० मार्च या दिवसांत झालं. होळी होऊन गेलेली, ज्वारीची सुगी उरकत आलेली, पाडवा तोंडावर. चिन्हं होती गाय-वासरू आणि चक्रातला हलधर शेतकरी. रझाकाराच्या काळातही लोक असेच गप्प होते, असं एका वयस्कर माणसाने मला सहज सांगितलं. मला वाटतं, कोड्याची पहिली किल्ली या वाक्यात आहे.

निजामाच्या राज्यात 'गश्ती निशाण ५३' नावाचा हुकूम होता. सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नसे. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस नीट स्थापन व्हायच्या आधीच तिच्यावर बंदी आली आणि स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ यांची पिढी तुरुंगांतून वाढली. १९४७-४८ साली रझाकारांचा जोर झाला तेव्हा आमच्या भागातली माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. उमरखेडला कार्यकर्त्यांचा कॅम्प होता. नदीपलीकडे स्वतंत्र भारत होता आणि अलीकडे नव्हता, असे ते तेरा महिने. भारतीय सैन्य १३ सप्टेंबर १९४८ ला आत आलं आणि १७ ला निजामाने शरणागती दिली.

म्हणजे १९७५ साली मराठवाड्यात पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाला स्वातंत्र्य उशिरा मिळालेलं आठवत होतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला सभाबंदी म्हणजे इंग्रजांच्या काळातली गोष्ट. आमच्याकडे ती त्याहून जवळची, आणि देशी राजाची. सभेला परवानगी लागणं, वर्तमानपत्र आधी कुणाला तरी दाखवावं लागणं, कुणी रात्री उचलून नेलं तर सकाळी त्याबद्दल न बोलणं, हे सगळं इथे आधी पाहिलेलं होतं. फरक एवढाच की १९४८ ला नदी ओलांडून जाता येत होतं. १९७५ ला नदीपलीकडेही आणीबाणीच होती.

आणि इथे तुरुंगाला प्रतिष्ठा होती. आमच्याकडच्या जुन्या काँग्रेसवाल्यांची, समाजवाद्यांची, शेकापवाल्यांची, कम्युनिस्टांची पुण्याई एकच, ती म्हणजे निजामाचा तुरुंग. नरहर कुरुंदकरांचा जन्म आमच्या कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरचा, गाव वसमत तालुक्यातलं कुरुंदा, आणि आयुष्य गेलं नांदेडच्या पीपल्स कॉलेजात. त्यांच्या पुस्तकाचं नाव 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' असं आहे. संस्थान १९४८ ला सुटलं आणि १९५६ ला विरून गेलं, हे दोन्ही शब्द त्या शीर्षकात आले आहेत. विसर्जन झालं तरी मुरलेली सवय जात नाही. १९७५ ला ज्यांना पकडलं त्यांच्याकडे इथल्या गावांनी गुन्हेगार म्हणून पाहिलं नसेल, तर त्याचं कारण पस्तीस वर्षं मागे आहे.

*

पण तेलंगणालाही तोच निजाम होता. मग तिथे असं का झालं नाही?

एक कारण विरोधी पक्षांच्या मुळांमध्ये आहे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत परभणीने शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून दिले होते. नांदेड, परभणी, उस्मानाबाद, लातूर या पट्ट्यात शेकाप कायम जिवंत राहिला. बीडकडे कम्युनिस्ट होते, औरंगाबादेत समाजवादी. तेलंगणातही १९५२ ला डाव्यांची मोठी ताकद होती. नलगोंड्याहून रावी नारायण रेड्डी नेहरूंपेक्षा जास्त मतं घेऊन आले होते. पण पुढे तिथल्या असंतोषाने वेगळ्या राज्याची वाट धरली. १९७१ ला तेलंगणा प्रजा समितीने १० जागा जिंकल्या आणि त्याच वर्षी ती काँग्रेसमध्ये विलीन झाली. राग होता, पण तो काँग्रेसच्याच पोटात जाऊन बसला. कर्नाटकात देवराज अर्स यांनी जमीनसुधारणा आणि मागास जातींची नवी जुळणी करून काँग्रेसचा पाया बदलला होता. मराठवाड्यात या दोन्हींपैकी काही झालं नाही. इथला राग बाहेर राहिला आणि त्याला बसायला विरोधी पक्षांची ओसरी होती.

राग कशाचा, तर मागे पडल्याचा. १९७२ चा दुष्काळ अंगावरून गेलेला. १९७४ साली मराठवाडा विकास आंदोलन पेटलं. त्याची ठिणगी आमच्या शेजारच्या वसमतला पडली, विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. मागण्या साध्या होत्या: नोकऱ्यांत वाटा, रेल्वे, पाणी, उद्योग. परभणीला १९७२ ला कृषी विद्यापीठ झालं, पण तिथल्या जागांवर आपली मुलं लागतील का, हा त्या वेळचा जळता प्रश्न होता. शंकरराव चव्हाण १९७५ च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्री झाले ते या पार्श्वभूमीवर. पाण्याचं काम त्यांनी मनापासून केलं, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात. २४ फेब्रुवारी १९७६ ला जायकवाडी धरणाचं उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. आमच्या बाजूला पैनगंगेवर इसापूरच्या धरणाचं काम चालू होतं.

एरवी एवढ्यावर निवडणूक जिंकता आली असती. १९७७ ला आली नाही, कारण मधल्या काळात सरकार लोकांच्या घरात शिरलं होतं.

*

नसबंदीबद्दल आज बोलताना बहुतेक दिल्लीचं तुर्कमान गेट आणि हरियाणातली गावं आठवतात. पण सक्तीच्या नसबंदीचं विधेयक संमत करणारं देशातलं पहिलं विधिमंडळ महाराष्ट्राचं. १९७६ ला ते संमत झालं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. कायद्याची वाट मात्र कुणी पाहत बसलं नव्हतं. देशभरात १९७५-७६ ला सुमारे २६ लाख शस्त्रक्रिया झाल्या होत्या, त्या १९७६-७७ ला ८१ लाखांवर गेल्या. हे तिपटीने वाढणं आपोआप होत नाही. त्यासाठी खालच्या माणसाला आकडा द्यावा लागतो.

खालचा माणूस म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेवक आणि शिक्षक. माझे आजोबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. 'केस आणा' हा शब्दप्रयोग त्यांच्या तोंडून मी लहानपणी ऐकला. केस म्हणजे माणूस. ठरलेल्या केसेस नाही झाल्या तर पगार अडायचा, बदलीची धास्ती असायची. ज्या गावात मास्तरला लोक वाकून रामराम करायचे, त्या गावात मास्तर दिसला की पुरुषमंडळी शेताकडे निघून जायची, असं ते सांगायचे. त्यांचा राग नसबंदीवर नव्हता, त्यांनी स्वतः दोन मुलांवर थांबायचा निर्णय आधीच घेतलेला होता. राग होता तो गावातली आपली पत दुसऱ्याने खर्च केली याचा. 'मास्तर, तुम्हीसुद्धा?' असं एका पालकाने विचारलं होतं, आणि त्यावर द्यायला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

यातून राजकारण असं घडलं. काँग्रेसची गावातली ताकद दोन पायांवर उभी होती: पाटील-सोसायटी-झेडपी हा एक पाय, आणि सरकारी योजना पोचवणारा नोकरवर्ग हा दुसरा. १९७६ ने दुसरा पाय लुळा केला. तलाठ्याला आणि मास्तरला आकडा पुरा करायला लावून सरकारने आपल्याच माणसाला आपल्या विरोधात उभं केलं. हा माणूस प्रचार करत नव्हता. पण गावात त्याला कुणी विचारलं तर तोही 'बघू' म्हणत होता.

मुसलमान वस्तीत भीती आणखी वेगळी होती. कळमनुरीत ही वस्ती मोठी आहे. १९४८ च्या सप्टेंबरनंतर मराठवाड्यात मुसलमानांवर जे गुदरलं ते शाळेच्या पुस्तकात नाही. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला होता आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्यासोबत नांदेडचं नाव घेतलं होतं. तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. त्यानंतर इथल्या मुसलमानांनी काँग्रेसला धरून राहणं हा विचारसरणीचा कमी आणि सुरक्षिततेचा प्रश्न जास्त होता. नसबंदीच्या धाकाने तो आधारही डळमळला. आणि ४ जुलै १९७५ ला सरकारने ज्या संघटनांवर बंदी घातली त्यांत राष्ट्रीय स्वयंसेवक संघ होता तशीच जमाते इस्लामीही होती. १९४८ ला एकमेकांना घाबरणारी माणसं १९७६ ला एकाच बराकीत होती. १९७७ च्या आशेत हाही एक धागा होता, आणि तो खोटा नव्हता.

*

आता ज्यांची भीती उलट्या दिशेची होती त्यांच्याबद्दल. १९७७ च्या गौरवगाथेत त्यांना जागा मिळत नाही.

आणीबाणीसोबत वीसकलमी कार्यक्रम आला होता. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा. महाराष्ट्रात लहान शेतकरी आणि शेतमजूर यांच्यासाठी कर्जमुक्तीचा कायदा १९७५ ला झाला. सिलिंगच्या जमिनी, घरासाठी जागा, किमान मजुरी. हे सगळं कागदावर होतं आणि थोडंफार जमिनीवरही. सावकाराच्या दारात ज्याची भांडी गहाण पडली होती त्याच्या दृष्टीने सरकारचा धाक ही वाईटच गोष्ट होती असं नाही. धाक कुणाला बसतो यावर ते अवलंबून होतं. दलित पँथरचे नामदेव ढसाळ इंदिरा गांधींच्या बाजूने उभे राहिले, 'प्रियदर्शिनी' लिहिली, त्याबद्दल त्यांना पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं. पण विरोधी आघाडीत गावोगावचे जमीनवाले कोण आहेत, हे वस्तीतल्या माणसाला दिसत होतं. इंदिराबाई गेल्या तर ही मंडळी आपल्याशी कशी वागतील, हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता.

म्हणजे त्या मार्चमध्ये एकाच गावात, एकाच शाळेतल्या केंद्रावर, एका रांगेत दोन भीती उभ्या होत्या. एकीला सरकार घरात शिरल्याची भीती, दुसरीला सरकार निघून गेल्यावर घरात कोण शिरेल याची.

पहिली भीती जिंकली. देशभर मतदान १९७१ च्या ५५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं. औरंगाबादेत बापू काळदाते, जालन्यात पुंडलिक हरी दानवे, हिंगोलीत चंद्रकांत पाटील, हे तीन जनता पक्षाचे. नांदेडला केशवराव धोंडगे, परभणीला शेषराव देशमुख, लातूरला उद्धवराव पाटील, हे तीन शेकापचे. बीडला गंगाधरअप्पा बुरांडे, मार्क्सवादी कम्युनिस्ट. ज्याला आपण जनता लाट म्हणतो तिच्या सातपैकी चार जागा जनता पक्षाच्या नव्हत्याच! जागावाटप नीट झालं, एकास एक लढत झाली, आणि जिथे ज्याचं मूळ तिथे त्याला उभं केलं. राज्यात काँग्रेस २०, जनता १९, शेकाप ५, मार्क्सवादी ३, रिपब्लिकन (खोब्रागडे) १. रायबरेलीत इंदिरा गांधी राजनारायणांकडून ५५ हजारांवर मतांनी हरल्या. २१ मार्चला आणीबाणी उठली आणि २४ ला मोरारजी देसाईंनी शपथ घेतली.

*

माझ्या पिढीच्या कळमनुरीत अमेरिका फार लांब नाही. व्हिसाच्या रांगेत कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी सून असते, त्यामुळे २०२४ च्या नोव्हेंबरात तिथली निवडणूक इथल्या ओट्यांवरही चर्चिली गेली. 'ही शेवटची निवडणूक' असं दोन्ही बाजू म्हणत होत्या. अमेरिकेत हे वाक्य जुनं आहे. १८०० साली जॉन अॅडम्स आणि थॉमस जेफरसन यांच्यात लढत झाली तेव्हाही दोन्हीकडे हीच भाषा होती. अॅडम्सच्या पक्षाने १७९८ ला सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा राजद्रोहाचा कायदा केला होता, संपादक आत गेले होते. मॅथ्यू लायन नावाचा प्रतिनिधी तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आला. आपल्याकडे १९७७ ला जॉर्ज फर्नांडिस मुजफ्फरपूरहून तसेच निवडून आले. जेफरसन जिंकले, पण त्यांना आणि त्यांच्याच पक्षाच्या अॅरन बर यांना सारखीच, ७३-७३ मतं पडली आणि प्रतिनिधिगृहात ३६ फेऱ्यांनंतर निकाल लागला. अॅडम्स शपथविधीला थांबले नाहीत, पहाटेच निघून गेले. पण गेले. सत्ता मतांनी बदलते, हे त्या देशाला स्थापनेनंतर २४ वर्षांनी पहिल्यांदा समजलं. आपल्याला दिल्लीत ते समजायला ३० वर्षं लागली.

या तुलनेत पुढची गोष्टही बसते, आणि ती आनंदाची नाही. जेफरसनना निवडून देणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांचं बळ फुगलेलं होतं, कारण मत नसलेल्या गुलामांची डोकी तीन-पंचमांश मोजून त्या राज्यांना जास्त मतं दिलेली होती. स्वातंत्र्याचा तो विजय ज्यांच्या संख्येवर उभा राहिला, त्यांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही.

मराठवाड्यात सोळा महिने लागले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्या रात्रीपासून मराठवाडा पेटला. गावोगाव दलित वस्त्या जळाल्या, माणसं गावं सोडून गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांचा खून झाला. नामांतराला विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ होते, अनंत भालेराव होते, म्हणजे निजामाशी लढलेली माणसं. त्यांनी हिंसेचं समर्थन केलं नाही. त्यांचा युक्तिवाद अस्मितेचा होता, मराठवाड्याच्या नावासाठी आपण झगडलो असं ते म्हणत. पण जळणाऱ्या घरातल्या माणसाला युक्तिवाद ऐकू येत नाही. सरकार गेल्यावर घरात कोण शिरेल, या भीतीचं उत्तर मिळालं होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं.

यावरून १९७७ ची आशा ढोंगी होती असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. मला तो पटत नाही. सभेला परवानगी लागू नये, रात्री कुणी उचलून नेऊ नये, मास्तरने माणसाला केस म्हणू नये, या मागण्या दलित वस्तीच्या विरोधातल्या नव्हत्या. १९७८ च्या अत्याचारांवर लिहिता आलं, सत्यशोधन समित्या गावोगाव फिरल्या, नामांतरासाठी सोळा वर्षं लाँग मार्च, सत्याग्रह, मोर्चे काढता आले, कारण मोर्चा काढायचा हक्क मार्च १९७७ ला परत मिळवलेला होता. अपुरं होतं ते हेच, की तो हक्क परत मिळवणाऱ्या बहुतेकांना तो शेजारच्या वस्तीसाठीही आहे हे ऐकू आलं नव्हतं. स्वातंत्र्य म्हणजे सरकारपासून सुटका, एवढाच अर्थ निजामाच्या राज्यात शिकलेल्या पिढीच्या हाती होता. शेजाऱ्यापासून सुटका हा अर्थ बाबासाहेब सांगत होते, आणि तो त्यांच्याच नावाच्या निमित्ताने नाकारला गेला.

१९८० ला काँग्रेसने राज्यातल्या ४८ पैकी ३९ जागा परत घेतल्या. हिंगोलीत उत्तमराव राठोड आले आणि लागोपाठ तीनदा निवडून आले. त्यानंतर मात्र हा मतदारसंघ कुणाचाच राहिला नाही. १९९१ पासून २०२४ पर्यंत हिंगोलीच्या एकाही विद्यमान खासदाराला लोकांनी लगेच पुन्हा निवडून दिलेलं नाही. गुंडेवार, माने, सूर्यकांता पाटील, पुन्हा माने, पुन्हा सूर्यकांता पाटील, वानखेडे, सातव, हेमंत पाटील, आष्टीकर. पक्ष बदलले, लाटा बदलल्या, ही एक सवय बदलली नाही. २०१४ ला देशात काँग्रेसची वाताहत झाली, महाराष्ट्रात तिच्या फक्त दोन जागा वाचल्या. एक नांदेड, शंकररावांचे चिरंजीव अशोक चव्हाण यांची. दुसरी हिंगोली. तिथे कळमनुरीचे राजीव सातव अवघ्या १,६३२ मतांनी निवडून आले. १९७७ ला दक्षिणेची साथ सोडून उत्तरेसोबत गेलेल्या दोन जागा २०१४ ला उत्तरेची लाट असताना उलट्या दिशेला उभ्या होत्या.

आमच्याकडे निवडणुकीच्या तोंडावर आजही कुणाला विचारा. उत्तर 'बघू' असंच येतं.